अंगावर पाजताना पळायला कधी सुरुवात केलीत?

अर्धीझोप | ७ जून, पहाटे ३:४२

बाळ नऊ आठवड्यांचं आहे. एका हाताने टाइप करतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

बाळंतपण नॉर्मल, टाके पडले होते ते भरलेत. सहा आठवड्यांच्या तपासणीला डॉक्टर म्हणाल्या, "सगळं ठीक आहे, आता हळूहळू व्यायाम सुरू करा." हळूहळू म्हणजे किती आणि व्यायाम म्हणजे कुठला, हे विचारेपर्यंत पुढची पेशंट आत आली होती. गरोदर राहण्याआधी मी आठवड्यातून तीनदा पळायचे, एका वेळी आठ-दहा किलोमीटर. बाळ पूर्ण अंगावर आहे, वरचं काहीच नाही.

घरात प्रत्येकाचं वेगळं. आई म्हणते दमलीस तर दूध आटेल. सासूबाई म्हणतात घाम आल्यावर पाजलं की बाळाला बाधतं. नवरा म्हणतो "तुला योग्य वाटेल ते कर", आणि या वाक्याचा मला काडीचा उपयोग नाही.

तर प्रश्न: दूध खरंच कमी होतं का? पाजणं आणि व्यायाम यांच्या वेळा कशा बसवल्यात? आणि पळायला कधी लागलात? वजनाबद्दल विचारत नाहीये. म्हणजे विचारतेय, पण सगळ्यात शेवटी.

कोकिळाताई | ७ जून, पहाटे ४:१०

हजर! माझं पाच आठवड्यांचं. उत्तर नाही, पण सोबत आहे. वाचतेय.

जुळ्यांची_आई | ७ जून, सकाळी ९:२५

आईंना सांग, दमण्याने दूध आटत नाही. बाळ किती वेळा पितं आणि स्तन किती रिकामे होतात यावर दूध ठरतं. ओढलं तेवढं भरतं. न ओढलेलं साठून राहिलं की शरीर समजतं की आता एवढं नको.

माझ्याकडे व्यायामावर खापर फुटलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते. मुलं चार महिन्यांची असताना जिमला जायला लागले. जाणं-येणं, कपडे बदलणं धरून दोन तास सहज मोडायचे आणि त्यात संध्याकाळचं एक पाजणं रोज बुडायचं. ते बाटलीवर भागायचं. दोन-तीन आठवड्यांत दूध कमी वाटायला लागलं. घरात सगळे एका सुरात, बघ, सांगितलं होतं ना! मी जिम सोडली आणि तोच व्यायाम घरी, त्याच वेळात सुरू ठेवला. बुडालेलं पाजणं परत आलं, दूधही आलं. तेव्हा घड्याळ बघ, घाम नको बघूस.

आधी पाजायचं, मग निघायचं. बाळाचं पोट भरलेलं असतं आणि आपली छाती हलकी असते. भरलेल्या छातीने जिना चढून बघ एकदा, मी काय म्हणते ते कळेल.

वाटसरू | ७ जून, सकाळी ११:०२

याला आधार आहे. १९९४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला होता. ३३ बायका, बाळं सहा ते आठ आठवड्यांची. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाने रोज ४५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, बारा आठवडे दम लागेल असा व्यायाम केला. दुसऱ्याने नाही केला. दुधाचं प्रमाण, दुधातले घटक, बाळांची वजनवाढ, कशातही फरक पडला नाही.

अर्धीझोप, तुमच्या 'सगळ्यात शेवटी'चं उत्तरही त्यातच आहे. व्यायाम करणाऱ्यांचं वजन दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरलं नाही, कारण त्यांची भूक वाढली आणि त्या तेवढं जास्त जेवल्या. दमसास मात्र वाढला. पुढे २००० साली वजन जास्त असलेल्या आयांवर अभ्यास झाला, त्यात व्यायामाबरोबर आहारही रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी केला होता. तेव्हा आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरलं आणि बाळांची वाढ व्यवस्थित राहिली.

शंकासुर | ७ जून, दुपारी १:१५

अभ्यास दोन्ही बाजूंनी सापडतात. जोराच्या व्यायामात स्नायूंत तयार होणारं लॅक्टिक आम्ल दुधात उतरतं, चव बदलते आणि बाळ तोंड फिरवतं, हेही छापून आलंय. १९९२.

वाटसरू | ७ जून, दुपारी १:४८

आलंय, बरोबर. पण त्यात बायकांना ट्रेडमिलवर पार दमेपर्यंत पळवलं होतं आणि दूध बाळाला ड्रॉपरने दिलं होतं. जे बाळ कधी ड्रॉपरने प्यायलेलं नाही ते तसंही तोंड वाकडं करणारच. २००२ साली हाच प्रयोग बाटलीने आणि जास्त काळजीपूर्वक केला गेला. मध्यम व्यायाम, अगदी दमछाक होईपर्यंतचा व्यायाम आणि नुसता आराम, तिन्हींनंतरचं दूध बाळांनी सारखंच घेतलं. टोकाच्या व्यायामानंतर लॅक्टिक आम्ल काही काळ वाढतं, हे खरंच आहे. त्याने बाळाला अपाय होत नाही. आणि झपझप चालण्याने ते तेवढंही वाढत नाही.

शंकासुर | ७ जून, दुपारी २:०५

मग माझ्या बायकोचं बाळ का रडायचं ती पळून आल्यावर?

जुळ्यांची_आई | ७ जून, दुपारी २:०९

'माझ्या बायकोचं बाळ' 😄 तुमचं काहीच नातं नाही का त्याच्याशी?

कारण साधं असू शकतं. घामाने कातडी खारट झालेली असते. तासभर न पाजल्याने छाती तटतटलेली असते, पान्हा एकदम जोरात येतो आणि बाळाला ठसका लागतो. त्यात आई स्वतःच धापा टाकतेय. पाण्याने पुसून घ्या, दहा मिनिटं टेका, थोडं दूध हाताने पिळून टाका आणि मग घ्या जवळ. अर्धीझोप, सासूबाईंचा घामाचा मुद्दा एवढ्यापुरता खरा आहे हं. बाधत नाही, पण बाळाला आवडत नाही.

शंकासुर | ७ जून, दुपारी २:३०

विचारून सांगतो. (बाळ आता चौथीत आहे.)

सांधेदुरुस्ती | ७ जून, रात्री १०:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बाळंतपणानंतरच्याच बायका जास्त बघते. इथे सगळे दुधावर बोलताहेत, पण पळण्यापुरता दुधाचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे. अवघड भाग खाली आहे.

ओटीपोटाचा तळ म्हणजे पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत ताणलेला स्नायूंचा झोळा. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय सगळं त्याच्यावर टेकलेलं. नऊ महिने त्याने भार पेलला, बाळ बाहेर येताना तो कित्येक पट ताणला गेला. सिझेरियन झालेल्यांनी 'आपलं सुटलं' समजू नये, भार त्यांनीही वाहिलाय आणि वर पोटाला छेद आहे. सहा आठवड्यांत बाहेरचा व्रण छान दिसतो, पण आतल्या आवरणाची ताकद तेव्हा निम्म्याच्या जरा वर आलेली असते. सहा-सात महिन्यांनीही ती पूर्ण परत आलेली नसते. पळताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट धक्का बसतो, तो या झोळ्यावरही येतो.

म्हणून २०१९ साली ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टनी मार्गदर्शिका काढली तेव्हा पळण्यासाठी बारा आठवड्यांच्या आधीची वेळ कुणालाच दिली नाही. आणि बारा आठवडे झाले की सुटलो असंही नाही. त्या दिवशी हे करून बघायचं: तीस मिनिटं चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, एका पायावर दहा वेळा अर्धवट बसून उठणं, जागच्या जागी मिनिटभर पळणं, प्रत्येक पायावर दहा उड्या. यात दुखलं, लघवीचा थेंब निसटला किंवा खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटलं, तर अजून नाही.

तोवर करायचं काय? केगल, म्हणजे याच झोळ्याचा व्यायाम. सगळ्यांना नाव माहीत असतं आणि निम्म्याजणी उलटं करतात, म्हणजे खाली जोर देतात. वारा आणि लघवी दोन्ही एकदम रोखल्यासारखं आत आणि वर ओढायचं. पोट, मांड्या, कुल्हे सैल. श्वास चालू. जमतील तितके सेकंद धरायचं, वाढवत दहापर्यंत न्यायचं आणि मग पूर्ण सोडायचं. सोडणं विसरू नका, सतत आवळून धरलेला स्नायूही कामाचा नसतो. आठ-दहा वेळा धरून, मग आठ-दहा वेळा पटापट, दिवसातून तीनदा. खरोखर लघवी करताना अडवून सराव करायचा नाही. पाजायला बसलात की करा, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं, त्यामुळे खालची त्वचा कोरडी आणि नाजूक राहते. बायका समजतात आपलंच काहीतरी बिघडलंय. तसं नाही, पाजणं कमी होत गेलं की सुधारतं. फार त्रास असेल तर डॉक्टरांना सांगा, उपाय आहेत.

अर्धीझोप | ८ जून, पहाटे २:५५

सांधेदुरुस्ती, दोन्ही हात जोडले असते पण एकात बाळ आहे.

माझं केगल उलटंच चाललं होतं. दोन महिने! आणि पोटाच्या मधोमध, उठताना, एक उभा उंचवटा येतो ते काय?

सांधेदुरुस्ती | ८ जून, सकाळी ८:१२

पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या पट्टीपाशी लांब गेलेत. बहुतेकींना गरोदरपणाच्या शेवटी होतं, पहिल्या आठ आठवड्यांत बरंचसं आपोआप जवळ येतं. उताणं झोपून, गुडघे वाकवून, डोकं किंचित उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी ठेवून बघा. दोन बोटांहून जास्त फट असेल किंवा बोटं खोल जात असतील तर कुणाला तरी दाखवा. तोवर सिट-अप्स बंद. उठताना कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठायचं. बाळाला उचलताना श्वास सोडत उचलायचं, रोखून नाही.

ठिपका | ८ जून, सकाळी ११:४०

मला एक कळत नाही, एवढी घाई कशाची? आपण माणूस जन्माला घातलाय. नऊ आठवड्यांत मला केस विंचरायचं सुचत नव्हतं.

अर्धीझोप | ८ जून, दुपारी १२:३०

घाई नाही गं. दिवसभर मी कुणाची तरी खुर्ची, गादी आणि टाकी असते. पळताना मी फक्त मी असायचे. तेवढंच परत हवंय.

ठिपका | ८ जून, दुपारी १२:५१

टाकी 😅 बरं, शब्द मागे.

मला चालण्याने तारलं हे कबूल करते. दुसऱ्या महिन्यात सारखं रडू यायचं. सकाळी बाळाला पुढे बांधून वीस मिनिटं बाहेर, एवढंच करायचे. पण हे लिहितानाच सांगते, चालून न जाणारी उदासी असते. बाळ झोपलेलं असतानाही झोप लागत नसेल, कशातच जीव रमत नसेल, नको ते विचार येत असतील, तर बूट घालू नका, डॉक्टरांना फोन करा. माझ्या बाबतीत औषध लागलं. पाजत असताना चालतील अशी औषधं असतात, त्यासाठी अंगावरचं तोडावं लागलं नाही.

डोंगरवेडा | ८ जून, संध्याकाळी ६:०३

स्फूर्तीसाठी: धावपटू जास्मिन पॅरिस, जानेवारी २०१९, ब्रिटनमधली 'स्पाइन रेस', २६८ मैल म्हणजे ४३१ किलोमीटर, ऐन हिवाळ्यात. ८३ तास १२ मिनिटांत पुरुषांसकट सगळ्यांच्या पुढे पहिली. वाटेतल्या थांब्यांवर चौदा महिन्यांच्या मुलीसाठी दूध पंप करत होती!

जुळ्यांची_आई | ८ जून, संध्याकाळी ६:२०

भारी आहे ती. फक्त 'चौदा महिने' हा शब्द तीनदा वाचा आणि मग घरच्या बाळंतिणीला ही बातमी फॉरवर्ड करा.

नीलपक्षी | ८ जून, रात्री ९:३७

दोन अनुभव, दोन्ही चुकांचे.

पहिला, स्पोर्ट्स ब्रा. जुनी होती, घट्ट होती, 'आधार मिळतो' म्हणून तीच चढवायचे आणि कामाच्या गडबडीत दुपारपर्यंत अंगावर तशीच. चौथ्या दिवशी एका बाजूला गाठ, लाल चट्टा, संध्याकाळी थंडी वाजून ताप. मी ती गाठ चोळून चोळून काढायला गेले आणि सूज वाढवून बसले. डॉक्टर म्हणाल्या चोळायचं नाही, थंड पट्टी ठेवायची, बाळाला नेहमीसारखं पाजत राहायचं, पंप करून करून जास्तीचं दूध काढत बसायचं नाही. ताप उतरला नाही तर चोवीस तासांत दाखवायला यायचं. मला अँटिबायोटिक घ्यावंच लागलं. आता छातीच्या सध्याच्या मापाची, पुढून उघडणारी घेतलीये आणि घरात शिरल्या शिरल्या काढते.

दुसरा, दम. दोन जिने चढले की छाती धडधडायची. सगळे म्हणाले सवय मोडलीये, व्यायाम वाढव. मी वाढवला. तीन आठवडे स्वतःला ढकललं, शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. मला सवय नव्हे, लोह हवं होतं. बाळंतपणात रक्त बरंच गेलेलं असेल तर आधी तपासून घ्या. थायरॉइडही बघायला सांगा, बाळंतपणानंतरच्या वर्षात तो काहीजणींचा बिघडतो.

सांधेदुरुस्ती | ८ जून, रात्री १०:०५

याला जोडून: व्यायाम वाढवल्यावर अंगावरून पुन्हा लालभडक रक्त जायला लागलं तर दोन पावलं मागे या. तासाभरात पॅड भिजत असेल, एकाच पोटरीला सूज येऊन दुखत असेल, छातीत दुखत असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल तर थेट दवाखाना. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका बराच वाढलेला असतो आणि थोडाफार बारा आठवड्यांपर्यंत राहतो.

बाबा_नवखा | ९ जून, सकाळी ७:३०

पुरुष सदस्याने विचारलं तर चालेल ना? बायको सिझेरियनची, आठवा आठवडा. तिला फिरायला जायचंय पण बाळ सोडून निघवत नाही. मी काय करू?

जुळ्यांची_आई | ९ जून, सकाळी ८:४४

'जा ना, मी आहे' असं नुसतं म्हणू नका. पाजून झालं की बाळ उचला, ढेकर काढा, दुसऱ्या खोलीत जा आणि दार लावा. रोज, त्याच वेळी, तिने न सांगता. रडलं तरी दहा मिनिटं फोन करायचा नाही. तिला धास्ती असेल तर आधी काढलेलं थोडं दूध ठेवा. खोली फार गरम नसेल तर ताजं दूध चार तास बाहेर टिकतं.

कोकिळाताई | ९ जून, सकाळी ९:०२

वरची प्रतिक्रिया प्रिंट काढून फ्रिजवर लावलीये.

एक शंका, आठवड्याला नेमका किती व्यायाम धरायचा? आणि पाणी? मला सगळे तांब्याने पाणी पाजताहेत.

वाटसरू | ९ जून, सकाळी १०:१५

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस बाळंतिणींसाठीही आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायामाची आहे. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतका दम. पहिल्या दिवसापासून नाही, शून्यावरून चढत जायचं, आणि दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात. पाणी तहानेपुरतं. पाजायला बसलं की तहान लागतेच, भांडं हाताशी ठेवा. जबरदस्तीने जास्त प्यायल्याने दूध वाढत नाही. जेवणात मात्र काटकसर नको, पूर्ण अंगावर पाजताना दिवसाला ४००-५०० कॅलरी जास्तीच्या लागतात.

अर्धीझोप | २८ जून, रात्री ११:१८

आज बारा आठवडे पूर्ण. धीर धरवला नाही. सांधेदुरुस्तींच्या यादीतलं चालणं आणि एका पायावर उभं राहणं जमत होतं, उड्या मी 'जमतील' असं धरून टाकल्या.

पाजलं, पुसलं, बूट घातले, निघाले. सहाशे मीटर. इतकं छान वाटत होतं ना... आणि मग ओलं. थेंब नाही, चांगलं ओलं. जॅकेट कमरेला बांधून चालत घरी आले. नवऱ्याने विचारलं कसं झालं, मी म्हटलं मस्त.

ठिपका | २८ जून, रात्री ११:३१

अगं. मिठी.

कोकिळाताई | २९ जून, पहाटे ३:२०

शिंकताना माझं रोज होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

सांधेदुरुस्ती | २९ जून, सकाळी ८:००

दोघींना एकत्रच. हे फार सर्रास आहे, म्हणून लोक 'होतंच असं' म्हणून सोडून देतात. तसं सोडायचं नाही, कारण बहुतेकींचं व्यायामाने सुधारतं. अर्धीझोप, पळणं थांबवा, चालणं थांबवू नका. चढावर चाला, त्यात धक्का कमी आणि दम जास्त. आठवड्यातून दोनदा कुल्हे आणि पोटऱ्यांचा ताकदीचा व्यायाम: खुर्चीवरून उठ-बस, पाठीवर झोपून कंबर उचलणं, टाचा उचलणं. केगल रोज, आणि शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका. सहा आठवडे द्या. त्यातच एकदा प्रत्यक्ष तपासून घ्या, आवळतंय की ढकलतंय हे लांबून कळत नाही.

आणि नवऱ्याला खरं सांगा. जॅकेट धुवायला टाकलं असेलच.

अर्धीझोप | ३० ऑगस्ट, पहाटे ५:०५

धागा वर काढतेय. बाळ एकवीस आठवड्यांचं.

तपासून घेतलं. उजव्या बाजूचा स्नायू जवळजवळ झोपलेला होता, त्यामुळे माझं सगळं 'आवळणं' डावीकडूनच चाललं होतं. सहाऐवजी सात आठवडे लागले. पंधरा दिवसांपासून एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा. काल दोन-एक झालं. कोरडी आले. आठ-दहा किलोमीटर अजून लांब आहेत, आणि रात्री चार वेळा उठले असेन त्या सकाळी मी जातच नाही, झोपते.

दूध? इतकंच होतं, इतकंच आहे. आईने आता 'मी म्हटलंच नव्हतं असं' हा पवित्रा घेतलाय. वजन दोन किलो उतरलंय आणि भूक घोड्यासारखी लागते, म्हणजे वाटसरूंचा अभ्यास माझ्यावरच झाला म्हणायचा.

कोकिळाताई | ३० ऑगस्ट, पहाटे ५:२२

जागीच आहे! मी सतराव्या आठवड्यात. शिंक आता कोरडी. काल एका पायावर दहा उड्या दोन्ही बाजूंनी मारल्या, बाळ खाली पडून हसत बघत होतं. पण जुने बूट निघतच नाहीयेत पायातून, इतके घट्ट झालेत. सूज असेल का अजून?

सांधेदुरुस्ती | ३० ऑगस्ट, सकाळी ७:५०

सतरा आठवड्यांनी सूज नसावी. पहिल्या गरोदरपणात पावलाची कमान थोडी बसते आणि पाऊल लांबतं, ते पुष्कळदा तसंच राहतं. पाऊल नव्याने मोजून बूट घ्या.

अर्धीझोप | ३० ऑगस्ट, सकाळी ८:१५

अर्धा नंबर मोठा. मीही तेच घेतले.